दूर बसून व्हिडिओ मुलाखत नीट रेकॉर्ड कशी करायची? (पानशेतच्या आठवणींच्या निमित्ताने)

नदीकाठ (धागालेखिका)

नमस्कार मंडळी,

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तेव्हा जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. त्यांतले सगळे पुण्यात राहिलेले नाहीत. घरं गेली तशी कुटुंबं पुण्यातल्याच गोखलेनगर, लोकमान्यनगरकडे गेली, पुढची पिढी ठाणे, बंगळूर, न्यू जर्सी अशी पांगली आणि आई-वडिलांना सोबत घेऊन गेली. आमच्या जुन्या वाड्यातल्या आणि आसपासच्या अशा माणसांच्या आठवणी मी सध्या व्हिडिओवर घेते आहे. त्यातल्या बऱ्याच मुलाखती दुरूनच घ्याव्या लागतात, कारण या वयात त्यांचं येणं होत नाही आणि माझं सगळीकडे जाणं होत नाही. थांबायला वेळही नाही.

या धाग्यात पुराविषयी कमी आणि रेकॉर्डिंगविषयी जास्त लिहिते. "आजोबा नाशिकला, मी सिएटलला, काय वापरू?" अशी विचारणा इथे अधूनमधून होते आणि आपण एखाद्या अ‍ॅपचं नाव सांगून मोकळे होतो. अ‍ॅप नंतर येतं. आधी एक गोष्ट पक्की करावी: बोलणं एका वाटेने जाऊ द्या आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या वाटेने.

व्हिडिओ कॉलचं सगळं तंत्र उशीर होऊ नये यासाठी झटत असतं. आवाज आणि चित्र बारीक तुकड्यांत निघतात. वाटेत काही तुकडे हरवले तर ते पुन्हा मागवत बसायला वेळ नसतो, म्हणून पलीकडचं यंत्र आधीच्या आवाजावरून अंदाजाने ती फट बुजवतं. रेंज खाली गेली की चित्राचा दर्जा मुकाट्याने उतरवला जातो. गप्पांसाठी हे उत्तमच आहे, त्यामुळेच आपण रडतखडत चालणाऱ्या नेटवरही बोलू शकतो. पण कॉलचं 'रेकॉर्ड' बटण दाबलं की साठवलं जातं ते हेच बुजवलेलं आणि उतरवलेलं. आजींच्या खोलीत जे स्वच्छ होतं ते पुन्हा मिळत नाही. म्हणून त्यांचं रेकॉर्डिंग त्यांच्याच खोलीतल्या यंत्रावर व्हावं, माझं माझ्या यंत्रावर, आणि नंतर दोन्ही फायली जुळवाव्यात. पॉडकास्टवाले याला डबल-एंडर म्हणतात. रेडिओवाले हे इंटरनेटच्या आधीपासून करत आले आहेत: बोलायचं फोनवर आणि दोन्हीकडे टेप चालू ठेवायची.

आपल्या माणसांच्या मुलाखतीत याचा आणखी एक फायदा होतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. आपल्याकडे सांगणाऱ्याला हुंकार लागतो. "हं", "मग?", "अगंबाई" असं काही कानावर पडलं नाही तर दोन मिनिटांत "ऐकू येतंय ना गं?" असा प्रश्न येतो आणि सांगण्याची लय मोडते. कॉलच्या रेकॉर्डिंगला मात्र हुंकार घातक. दोघं एकदम बोलले की प्रतिध्वनी काढणारी यंत्रणा गोंधळते आणि एकाचा आवाज दाबून टाकते. एक काकू सांगत होत्या, "पाणी उंबऱ्याला लागलं, मी फळीवरचा पितळी डबा काढला आणि..." मी "अरे देवा" म्हणाले. कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यापुढचे शब्द नाहीत. त्यांच्यासमोर ठेवलेल्या फोनमध्ये ते स्पष्ट आहेत: "आणि त्यात आईची पोत टाकली." दोन आवाज दोन फायलींत असले की मनसोक्त हुंकार द्यावा. नको असेल तिथे माझी पट्टी (ट्रॅक) बंद करता येते आणि त्यांच्या बोलण्याला धक्का लागत नाही. अट एवढीच की त्यांच्या कानात इअरफोन हवा, नाहीतर माझा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरतो.

मी सध्या वापरते ती मांडणी अशी. तिकडे लॅपटॉप किंवा टॅब फक्त कॉलसाठी. रेकॉर्डिंगसाठी वेगळा फोन, आडवा, मागचा कॅमेरा त्यांच्याकडे, लॅपटॉपच्या पडद्याला अगदी लागून वरच्या बाजूला, म्हणजे त्या माझ्याकडे बघतात तेव्हा नजर कॅमेऱ्याच्या जवळपास राहते. मागचा कॅमेरा पुढच्यापेक्षा चांगला असतो आणि स्वतःचा चेहरा दिसत नसल्याने माणूस केस सावरत बसत नाही. फोनला साधा वायरचा कॉलर माइक. बोयाचा बीवाय-एम१ सगळीकडे मिळतो, त्याची वायर सहा मीटर आहे, त्यामुळे फोन लांब ठेवता येतो. त्याच्या डबीवर फोन आणि कॅमेरा असं बटण असतं, ते फोनच्या बाजूला आहे ना ते बघा. रेकॉर्डिंगचा फोन विमान मोडवर. कॉल दुसऱ्या यंत्रावर असल्याने अडचण येत नाही, आणि ऐन वेळी बँकेचा फोन येऊन रेकॉर्डिंग थांबत नाही.

नंतर दोन्ही फायली जुळवायला खूण म्हणून सुरुवातीला फोनसमोर हात दिसतील अशी एक टाळी वाजवायची, शेवटी आणखी एक. वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून पाणी प्यायचं आणि नवीन फाईल सुरू करायची. एक फाईल बिघडली तरी बाकीच्या वाचतात. कॉलचं रेकॉर्डिंगही चालू ठेवतेच, आधार म्हणून.

आणि या सगळ्यात खरा तंत्रज्ञ म्हणजे तिकडची सून किंवा नातू. आदल्या दिवशी फक्त त्यांच्याशी कॉल करते. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून मागवते आणि हेडफोन लावून ऐकते. पंखा, फ्रिज, खालच्या शाळेची मधली सुट्टी, सगळं त्या एका मिनिटात कळतं. साडी असेल तर माइक पदराला लावला की प्रत्येक हालचालीला खसखस येते आणि मंगळसूत्र त्यावर आपटतं. खांद्याकडच्या बाजूला, ब्लाउजच्या काठाला, वायरचा एक छोटा वेढा आत घेऊन लावला की बरं पडतं. सदऱ्याला काही प्रश्न नसतो, फक्त खिशातलं पेन आणि चष्म्याचं घर काढून ठेवायला सांगा.

श्रवणयंत्र लावणाऱ्यांचं काय करावं आणि शब्दांकन (बोलणं लिहून काढणं) कसं करावं या दोन गोष्टींवर तुमचे अनुभव हवे आहेत.

---

ध्वनिवेडा

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

थोडी भर. तुम्ही हाताने करता ते आपोआप करणाऱ्या सेवा आहेत: रिव्हरसाइड, झेनकास्टर. पाहुण्याला फक्त एक दुवा पाठवायचा, तो ब्राउझरमध्ये उघडतो. बोलणं नेहमीसारखं वेबआरटीसीवरून (ब्राउझरमधून कॉल करण्याच्या तंत्रावरून) होतं, पण प्रत्येकाचा आवाज आणि चित्र त्याच्याच संगणकावर चांगल्या दर्जात साठत जातं आणि मागून हळूहळू वर चढतं. मध्ये नेट अडखळलं तरी त्याचा परिणाम गप्पांवर होतो, फाईलवर होत नाही. मात्र मुलाखत संपली म्हणून लगेच टॅब बंद करायचा नाही. चढवणं पूर्ण होईपर्यंत लॅपटॉप उघडा ठेवायचा, आणि इन्कॉग्निटोमध्ये तर मुळीच करायचं नाही.

एक गैरसमज सारखा दिसतो. झूममध्ये प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फायलीत साठवायची सोय आहे. लोकांना वाटतं झालं काम. पण समोरच्याची ती वेगळी फाईलही नेटवरून तुमच्यापर्यंत पोचलेल्या आवाजाचीच असते. वेगळी पट्टी आणि जागेवरचं रेकॉर्डिंग या दोन भिन्न गोष्टी आहेत. हुंकार काढता येईल, पण गेलेला शब्द मिळणार नाही.

दोष कोडेकला (आवाज दाबून पाठवणाऱ्या पद्धतीला) देऊ नका. वेबआरटीसीमध्ये आवाज ओपस नावाच्या कोडेकमधून जातो. ते २०१२ मध्ये प्रमाणित झालं आणि सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत चालतं, वरच्या टोकाला संगीतही सुरेख जातं. बिघडवतात ते त्याच्या आधी बसलेले पहारेकरी: गोंगाट कमी करणारा, आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारा आणि प्रतिध्वनी काढणारा. गोंगाट काढणाऱ्याला सतत टिकून राहणारा सूर पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो. माझ्या मावशीने जात्यावरची ओवी म्हटली तेव्हा पहिले दोन शब्द आले आणि लांबवलेला स्वर विरत विरत नाहीसा झाला. बोलणं सुरू केलं की पुन्हा खणखणीत. कोणी गाणं, आरती, पोवाडा म्हणणार असेल तर झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, बाकी ठिकाणी नॉइज सप्रेशन बंद करा. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पातून एक लाखाच्या वर ओव्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या काही आता 'पारी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तो आवाज असल्या गाळणीतून गेला असता तर काय उरलं असतं याचा विचार करा.

ब्लूटूथचे इअरबड टाळा. ऐकताना ते चांगले वाजतात, पण त्यांचाच माइक चालू झाला की जोडणी हँड्सफ्री पद्धतीवर जाते आणि आवाज जुन्या टेलिफोनच्या पातळीला येतो. वायरचे साधे इअरफोन परवडले.

---

घाटमाथा

नदीकाठताई, छान लिहिलंय. पण हे सगळं शहरातल्या घराचं झालं. आमचं गाव कोयनेच्या वरच्या अंगाला. वडील ८१ वर्षांचे, धरणात गेलेल्या मूळ गावाविषयी त्यांच्याइतकं सांगणारं आता कोणी उरलं नाही. घरात एकच स्मार्टफोन, चुलत भावाचा. रेंज अंगणात येते, घरात नाही. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ कॉल करून स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तर फक्त चित्र आलं, आवाजच नाही. अशा ठिकाणी काय करायचं?

---

ध्वनिवेडा

@घाटमाथा, तो बिघाड नाही. अँड्रॉइडवर माइक एका वेळी दोन साध्या अ‍ॅपना मिळत नाही. कॉल चालू असला की त्याला प्राधान्य मिळतं आणि स्क्रीन रेकॉर्डरच्या वाट्याला शांतता येते. एकाच फोनवर कॉल आणि रेकॉर्डिंग दोन्ही जमवायचा नाद सोडा.

---

नदीकाठ

@घाटमाथा, तुमच्याकडे तर दोन वाटा वेगळ्या करणं जास्त सोपं आहे. भावाच्या स्मार्टफोनवर फक्त रेकॉर्डिंग करा. तुमचं बोलणं साध्या कीपॅडच्या फोनवरून होऊ द्या, असेलच एखादा घरात. व्हिडिओ कॉल हवाच असं कुठे आहे? वडिलांना तुमचा आवाज ऐकू येतोय, समोर तुमचा भाऊ बसलाय आणि त्याच्याकडे बघून ते सांगताहेत, हे पडद्यावर दिसणाऱ्या तुमच्या चेहऱ्यापेक्षा बरं. प्रश्न तुम्ही विचारा, मान भाऊ डोलवेल. घरात रेंजच नसेल तर प्रश्न आदल्या दिवशी भावाला सांगून ठेवा, त्यालाच विचारू द्या. तुम्ही नंतर फाईल ऐकून पुढचे प्रश्न द्या. दोन-तीन बैठकांत होईल, आणि वडीलही दमणार नाहीत.

फाईल पाठवायचं म्हणाल तर आधी व्हिडिओची सेटिंग बघा. १०८० आणि सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) पुरेत, फोर-केच्या मागे लागू नका. आयफोनवर नव्या कॉम्प्रेशनने याला मिनिटाला साधारण ६० एमबी लागतात, तासाला साडेतीन जीबीच्या आसपास. जुन्या पद्धतीने त्याच्या दुप्पट. म्हणून १० जीबी रिकामी जागा असल्याशिवाय सुरू करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो चिरडून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो, पंचवीस मिनिटांची फाईल त्यात बसू शकते. आणि गावाहून कोणी ना कोणी पुण्या-मुंबईला येतंच. ओटीजी (थेट फोनला लावता येणाऱ्या) पेन ड्राइव्हवर फाईल घालून त्यांच्याकडे द्या. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल घेत नाही, तो एक्सफॅट करून घ्या. पोचल्याची खात्री होईपर्यंत फोनमधलं काही पुसू नका, हे भावाला बजावून सांगा.

आणि कोयनेचं रेकॉर्डिंग नक्की करा. वाट बघू नका.

---

पाटीपेन्सिल

माझा प्रश्न तांत्रिक आहे. सासऱ्यांची मुलाखत असंच दोन्हीकडे रेकॉर्ड करून केली. सुरुवातीच्या टाळीला दोन्ही फायली बरोब्बर जुळतात. चाळीस मिनिटांनी ओठ आणि आवाज वेगळे पडतात. तिथे पुन्हा जुळवलं की सुरुवात बिघडते. काय चुकतंय?

---

ध्वनिवेडा

@पाटीपेन्सिल, दोन कारणं असतात आणि बहुधा दोन्ही एकदम.

पहिलं, फोन सेकंदाला नेमक्या ३० चौकटी घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की २९, २८ असं खालीवर होतं. फाईलमध्ये तसं नोंदलेलं असतं, पण संकलनाचं सॉफ्टवेअर ३० च धरून चालतं. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाईल पुन्हा काढा आणि मगच संकलनात टाका. पुढच्या वेळी ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप वापरून बघा, त्यात चौकटींचा वेग बांधून ठेवता येतो.

दुसरं, प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. तासाला अर्धा सेकंद म्हणजे फक्त ०.०१४ टक्के, पण ओठ हलताना डोळ्याला लगेच कळतं. इथे नदीकाठताईंची शेवटची टाळी कामाला येते. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्ही फायलींत मोजा आणि आवाजाची फाईल तेवढ्या प्रमाणात ताणा किंवा आवळा. ऑडॅसिटीत होतं. वीस मिनिटांच्या तुकड्यांत रेकॉर्ड केलं तर बहुतेकदा याची गरजच पडत नाही.

आणि आवाजाचा सॅम्पल रेट सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा. एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ असेल तर उगाच डोकेदुखी.

---

पाटीपेन्सिल

हँडब्रेकने निम्म्याहून जास्त प्रश्न सुटला, उरलेला ताणून बसवला. मनापासून आभार. सासरे स्वतःच्या तोंडाने बोलताना दिसताहेत!

---

काळी माती

मी थोडं वेगळं मत मांडतो. व्हिडिओ हवाच कशाला? मी गावाकडच्या शेतकऱ्यांशी बोलतो. कॅमेरा लावला की माणूस ठेवणीतला सदरा घालून ठेवणीतली भाषा बोलू लागतो. फक्त आवाज घेतला की दहा मिनिटांत विसरतो. फायलीही लहान. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका माइकची वेव्ह फाईल तासाला साडेतीनशे एमबीच्या आत बसते. सामान्य माणसांच्या मुलाखती जमवणाऱ्या अमेरिकेतल्या स्टोरीकॉर्प्सने २००३ पासून नुसत्या आवाजावर केवढा संग्रह उभा केला, तो तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन होतो. दूरवरून घेताना तर चित्राचा सोस सोडलाच पाहिजे असं माझं मत आहे.

---

नदीकाठ

@काळी माती, तुमचं म्हणणं मला बऱ्याच अंशी मान्य आहे. त्याच स्टोरीकॉर्प्सने २०२० च्या मार्चमध्ये, सगळं बंद झाल्यावर, दुरून व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेण्याची सोय सुरू केली, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. माझ्या विषयापुरतं सांगते. पाणी कुठवर आलं होतं हे कोणी फुटात सांगत नाही. बसल्या जागी हात वर जातो, "हे इथपर्यंत." एका आजोबांनी खुर्चीतून उठून भिंतीला तळहात लावून दाखवलं आणि मग सांगितलं की त्या वेळी ते वडिलांच्या खांद्यावर होते. आवाजात फक्त "इथपर्यंत" उरलं असतं. जुने फोटो दाखवताना बोट कुणावर ठेवतात, हेही चित्रातच कळतं.

पण नेट, जागा, माणूस यातलं काहीतरी सोडावं लागलं तर मी चित्र सोडीन, आवाज कधीच नाही. धूसर चित्र लोक बघतात, फाटका आवाज कोणी ऐकत नाही. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर आधी माइकवर करावेत.

---

सातासमुद्रापार

परदेशातून घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी.

वेळ आपल्या सोयीने नको, त्यांच्या सोयीने ठरवा. आंघोळ, नाश्ता, औषधं झाल्यावर सकाळी दहाच्या सुमारास बहुतेक ज्येष्ठ ताजेतवाने असतात. नाशिकचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात सिएटलला आदल्या रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं सरकतात. त्या आठवड्यात भेट ठरवली तर दोन्ही वेळा लिहून पाठवा. आजी नटूनथटून तासभर वाट बघत बसल्या असं होऊ देऊ नका.

दुसरं, परवानगी. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत खाजगी संभाषण रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते. भारतात २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात निव्वळ वैयक्तिक, घरगुती वापराला सूट आहे, पण यूट्यूबवर टाकलं की ते घरगुती राहत नाही. मी कायदेतज्ज्ञ नाही, पण साधी पद्धत सांगते. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिल्याच मिनिटात विचारते: "आत्या, हे मी रेकॉर्ड करते आहे. घरातल्या सगळ्यांनी बघितलं तर चालेल? बाहेरच्यांनी बघितलं तर?" दोन्ही उत्तरं त्यांच्याच तोंडून नोंदली जातात. मुलाखत संपल्यावर पुन्हा विचारते, कारण बोलण्याच्या ओघात शेजाऱ्यांचं, भावकीचं काहीतरी निघतंच. "ते वाटणीचं काढून टाक हो" असं हमखास येतं. ते काढायचंच.

---

संध्यारंग

श्रवणयंत्राविषयी. माझी आई दोन्ही कानांत लावते. वरून इअरफोन घातला की शिट्टी वाजते. आम्ही असं करतो: कॉलचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर, पण स्पीकर तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला आणि कॉलर माइक विरुद्ध खांद्यावर. आवाज तिला कळेल इतपतच. या व्यवस्थेत हुंकार मात्र देता येत नाही, तो माइकमध्ये येतोच. म्हणून मी तिच्याजवळ बसते आणि मुलाखत घेणारा भाचा गप्प राहतो, ती माझ्याकडे बघून सांगते. प्रश्न त्याने मोठ्या अक्षरात कॉलच्या चॅटमध्ये टाकला तर मी वाचून दाखवते. नव्या श्रवणयंत्रांत फोनशी थेट जोडायची सोय असते, ती असेल तर सगळ्यात उत्तम.

आणखी एक, तंत्राबाहेरचं. पुराविषयी, गेलेल्या माणसांविषयी बोलताना रडू येतं. दुरून आपण पाण्याचा पेला पुढे करू शकत नाही. घाईने "बरं, ते सोडा" म्हणून विषय बदलू नये आणि कॅमेऱ्यासाठी टोकरूही नये. गप्प राहावं. कॉलमध्ये शांतता पसरली की लोकांना वाटतं लाइन गेली, म्हणून आधीच सांगून ठेवावं: "मी मध्ये बोलले नाही तरी इथेच आहे." आणि घरातलं एक माणूस हाताच्या अंतरावर असल्याशिवाय अशी मुलाखत सुरूच करू नये.

---

नदीकाठ

@संध्यारंग, चॅटमध्ये मोठ्या अक्षरात प्रश्न ही कल्पना फार आवडली, पुढच्याच मुलाखतीत वापरते. शांततेचं आधी सांगून ठेवायचं हेही. आजवर "ऐकतेय, ऐकतेय" म्हणत राहायचे, आता गरज नाही.

@सातासमुद्रापार, "बाहेरच्यांनी बघितलं तर?" हा वेगळा प्रश्न हवाच. माझ्या संमतीच्या वाक्यात तो घेते.

---

कागदीबाण

शब्दांकनाचं सांगतो. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर हे बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर खुलं केलं, ते स्वतःच्या संगणकावर चालतं, म्हणजे घरातलं बोलणं बाहेर जात नाही. मराठीसाठी भाषा 'मराठी' अशी सांगूनच चालवा, स्वतः ओळखायला सोडलं तर हिंदी समजून बसतं. मराठीचा दर्जा इंग्रजीच्या जवळपासही नाही. बोली, जुने शब्द, माणसांची आणि पेठांची नावं यांत हमखास चुकतं. मोठी धोक्याची गोष्ट म्हणजे लांब शांततेत ते कधी कधी न बोललेली वाक्यं लिहून टाकतं. संध्यारंग म्हणतात तशा थांबलेल्या जागी तर विशेष सावध राहा. कोणी रडून गप्प झालंय आणि शब्दांकनात तिथे "धन्यवाद" असं यावं, हे वाईट. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारतची भारतीय भाषांसाठीची मॉडेल्सही खुली आहेत, तीही ताडून बघा.

इथेही दोन वेगळ्या पट्ट्यांचा फायदा आहे. एकेका माणसाची फाईल स्वतंत्र दिली की कोण बोलतंय याचा घोळ होत नाही. मी यंत्राचा मसुदा घेतो आणि मग हेडफोन लावून ओळन् ओळ ऐकतो. एका तासाच्या मुलाखतीला पूर्ण दिवस जातो, पण त्याला पर्याय नाही.

---

घाटमाथा

परत आलो. भावाने काल एक मिनिटाची चाचणी पाठवली. आवाज चांगला आहे, फक्त मागे कोंबड्या आहेत.

---

नदीकाठ

@घाटमाथा, कोंबड्या असू द्या! त्या तिथल्याच आहेत. सतत एका सुरात चालणारा आवाज त्रास देतो, पंखा, मोटार, पंप. तेवढं बंद करता आलं तर बघा. चार्जर लावून रेकॉर्ड करत असाल तर काढून ऐका, काही माइकमध्ये त्याची गुणगुण येते.

@कागदीबाण, फार मोलाची माहिती. शांततेच्या जागा मी आता वेळेसकट वेगळ्या लिहून ठेवीन.

जतन करण्याविषयी कोणी विचारलं नाही तरी लिहून ठेवते. मूळ फायलींना हात लावायचा नाही. संकलन नेहमी प्रतीवर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात किंवा दुसऱ्या गावी. फोनने दिलेलं नाव तसंच ठेवलं तर वर्षभराने काही कळत नाही, म्हणून नाव असं: वर्ष-महिना-दिवस, मग मूळ वाड्याचं किंवा गावाचं नाव, मग सांगणाऱ्याची आद्याक्षरं, मग भाग क्रमांक. आणि त्याच नावाची एक साधी मजकूर फाईल शेजारी: कोण बोललं, जन्मसाल, तेव्हा कुठे राहत होते, आता कुठे, मदतीला कोण होतं, कोणत्या यंत्रावर घेतलं, संमती काय दिली, काय काढायला सांगितलं. दहा मिनिटांचं काम आहे, त्याच संध्याकाळी करावं.

@घाटमाथा, मूळ गावाचं नाव फायलीत आणि मजकुरात दोन्हीकडे घाला. वाड्या, पाणवठे, देवळं यांची नावं वडिलांकडून एकेक करून म्हणवून घ्या, सावकाश. कागदावर गावाचा नकाशा काढायला सांगा आणि काढतानाचा हात वरून रेकॉर्ड करा. त्यासाठी फोन उभा न ठेवता दोन डब्यांवर फळी टाकून त्यावर पडदा वर येईल असा उताणा ठेवायचा, कॅमेरा फळीच्या कडेबाहेर. पहिली फाईल आली की इथे कळवा. नावं ऐकून लिहायला मी मदत करते.